मुंबापुरीचा नैवेद्य

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटुंग्याच्या बाजारात फेरफटका मारावा, म्हणजे मुंबापुरीचे खरे स्वरूप ध्यानी येते. हळदीची पाने, केळीचे घड, दूर्वांच्या जुड्या आणि नारळांच्या राशी यांपुढे उसळलेल्या गर्दीच्या मुखी मराठी, तमिळ, कन्नड, कोंकणी, गुजराती अशा पाच भाषा असतात. पिशवीत पडणारे जिन्नस मात्र बहुधा तेच.

उकडीचा मोदक केवळ आपलाच, अशी आपल्यापैकी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक त्याच दिवशी तमिळ घरांत कोळुकट्टै होतात, तेलुगू घरांत कुडुमुलु आणि कन्नड घरांत कडुबू. आपल्या सुगरणी कळ्यांच्या संख्येवर मान मिळवितात, तर तमिळ गृहिणी पारी किती पातळ व गुळगुळीत उतरली यावर परीक्षा करतात. शिवाय गोडाच्या जोडीला उडदाच्या डाळीचे खारे सारण भरलेल्या कोळुकट्टैही देवापुढे ठेवतात. सारस्वतांकडे हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, नेवऱ्या आणि तिरफळांच्या वासाचे, अनेक भाज्यांचे खतखते असते. गुजराती घरी मात्र गणेशचोथीला चुरम्याचे लाडू! कणकेचे मुठिये तुपात तळून, कुटून, गुळात वळलेले. हा भेद श्रद्धेचा नव्हे, भूमीचा आहे. किनाऱ्यावर भात आणि माड, कोरड्या मुलखात गहू. जे शेतात पिकले ते देवाला अर्पण करावयाचे. आपली घाटावरची मंडळी कणकेचे तळणीचे मोदक करतात, त्याचेही कारण हेच.

या सादृश्याचे मोल मला लहानपणी एका अडचणीच्या प्रसंगी कळले. आमचे बिऱ्हाड तेव्हा माटुंग्यास होते. एका वर्षी ऐन चतुर्थीच्या पहाटे भाऊबंदांत सोयेर आल्याचा निरोप आला. मूर्ती तर घरात आलेली! पूजा गुरुजींनी करावी असे ठरले, पण आमच्या चुलीवरचा नैवेद्य चालेना. आजीचे सोवळे इतके कडक, की परक्या हातचे पाणीदेखील ती घेत नसे. समोरच्या बिऱ्हाडी तंजावरकडील कुटुंब राहत असे. त्या घरच्या मामी सणावारी ओलेत्यानेच स्वयंपाकाला लागत. आजी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिने एवढेच विचारले, “मामी, तुम्ही पुरणात काय घालता?”

“नारळ, गूळ, वेलदोडा.”

“आणि पिठी?”

“घरी कुटलेली.”

आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “तर एकवीस द्या.”

त्या वर्षी आमच्या गजाननापुढे एकवीस कोळुकट्टै ठेवल्या गेल्या. आजीने प्रसाद घेतला आणि, “कळ्या नाहीत, पण पारी माझ्याहून पातळ आहे,” असा अभिप्राय दिला. एवढी स्तुती माझ्या आईच्याही वाट्याला कधी आली नव्हती.

या नगरीतील पुष्कळशा खानावळींचे मूळही देवळाच्या मुदपाकखान्यात आहे, हे इडली-डोसा खाताना फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाभोवती जी पाकविद्या वाढली, तीच पुढे शहरोशहरी गेली. माटुंगा स्थानकालगत १९४२ साली निघालेल्या रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगात आजही केळीच्या पानावर जेवण मिळते. किंग्ज सर्कलला गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाच्या गणेशोत्सवात १९५५ पासून पूजेइतकेच महत्त्व अन्नसंतर्पणाला आहे. पुढे शारदीय नवरात्रात शिवाजी पार्कच्या बंगाली मंडपात भाजलेल्या मूगडाळीची खिचडी आणि लाब्रा, दिवाळी पाडव्याला भुलेश्वरच्या हवेलीत अन्नकूट, षष्ठीला जुहूच्या वाळूवर उत्तरेकडील भगिनींच्या सुपांतील ठेकुआ! पाने निराळी, पण या साऱ्यांत कांदा-लसणाला थारा नाही.

आणखी एक उल्लेख वाचकांस कदाचित अनपेक्षित वाटेल. कोकण किनाऱ्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला जाणारा बेने इस्राएल समाज धर्माने यहुदी. त्याची मायबोली मात्र मराठी. मुंबईच्या मांडवी भागात त्यांचे प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. नवस फेडताना वा शुभकार्यात ही मंडळी प्रेषित एलियाहूच्या नावे ‘मलिदा’ करतात: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलदोडा आणि भोवती मांडलेली फळे. मांस व दूध एकत्र खाऊ नये, हा त्यांचा कडक धर्मनियम. म्हणून सणाच्या हलव्यात गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. मलिदा त्यांच्यासोबत गेला. आपल्या कोळी बांधवांच्या नारळी पौर्णिमेपासून या मलिद्यापर्यंत देवाच्या ताटात नारळच!

आता चतुर्थीला तयार मोदकांची मागणी आठ-आठ दिवस आधी नोंदवावी लागते. त्याला माझी हरकत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेने पहाटे तीनला उठून नारळ खोवावा, हा हट्ट आजीनेही आज धरला नसता. परंतु दुकानातून एकवीस मोजून आणले, की ते एकवीसच राहतात. शेजाऱ्याच्या ताटासाठी बाविसावा उरत नाही. आणि शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये, या रीतीमुळेच तर एका सणात चार प्रांतांची चव घरबसल्या कळत असे.

मामी आता नाहीत. त्यांच्या सूनबाई ठाण्याला राहतात. गेल्या चतुर्थीला दुपारच्या आरतीला त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत केळीच्या पानावर सात कोळुकट्टै होत्या. त्यांतल्या एकीला कळ्या पाडलेल्या होत्या. वेड्यावाकड्या, पण मोजून अकरा.