पांढरीत खांब रोवण्याआधी

कयाधूच्या काठचं नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. एवढ्या जुन्या गावाच्या शिवारात जमिनीचे दोन रंग सांगतात: काळी पिकवायची, पांढरी राहायची. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख, हाडं, खापरं साचली, की भुरकट मातीचं टेकाड होतं. ती पांढर. धाब्याच्या छतावर घालायला लोक तिथली माती नेतात. पुरातत्त्वाचे अभ्यासक नव्या गावात गेले, की आधी तिचाच पत्ता विचारतात.

समजा, अशा शिवारात सौर प्रकल्प यायचा आहे. पॅनेलचे खांब सहसा दीड-दोन मीटर खोल जातात, पण त्याहून मोठी भीती सपाटीकरणाची. जेसीबी एका दुपारी टेकाड उतरवून टाकतो. म्हणून त्याआधी चाचणी उत्खनन हवं.

सुरुवात पायी फिरण्याने. नांगरट झालेल्या रानात चारसहा जण ओळीने चालतात आणि दिसेल ते खापर जागेसकट नोंदवतात. काळ्या रानात जपून राहावं लागतं. उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात, वरची खापरं त्यांतून खाली घसरतात, पावसात माती फुगून भेगा मिटतात. तिथे खोलीवरून वय ठरवलं तर हमखास चूक होते.

खापरं दाट असतील तिथे खुंट्या ठोकून, दोरी ताणून दोन मीटर लांबी-रुंदीचा खड्डा आखतात. खुरपी आणि ब्रशने माती थोडी थोडी खरवडली जाते. रंग किंवा पोत बदलला की नवा थर, नवी पिशवी, नवी चिठ्ठी. निघालेली माती चाळणीतून जाते. मणी, माशांचे काटे, जळालेले दाणे तिथेच सापडतात. माणसाचा हात न लागलेला मुरूम आला की खणणं थांबतं. मग खड्ड्याची उभी भिंत तासून तिचं चित्र काढतात. माझ्या मते खरी कमाई या चित्रात असते, वस्तू नंतरच्या. राखेचा काळा पट्टा, त्यावर चोपलेली जमीन, वर पडलेली भिंत: एका घराची हकिकत तिथे उभी दिसते.

खापरही बोलतं. पातळ, नारिंगी, काळ्या रेघांचं आणि टिचकी मारल्यावर धातूसारखं वाजणारं असेल, तर ते जोर्वे पद्धतीचं, तीन हजार वर्षांपलीकडचं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं, तिथून हे नाव आलं.

खणायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर बांधकामाला बंद झाले, पुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण आलं. पण साध्या पांढरीला, कुठल्याच यादीत नसलेल्या टेकाडाला, हे कवच नाही. इंग्लंडात १९९० पासून अशी तपासणी बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेत आली आणि खर्च बहुधा बांधणाऱ्यावर पडतो. आपल्याकडेही ती सक्तीची व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तिने प्रकल्प अडत नाही. खाली वस्ती निघाली तर पॅनेलची रांग सरकवता येते, किंवा खांब न रोवता सांगाडा काँक्रीटच्या वजनावर बसवता येतो.

काम संपलं, की खड्ड्याच्या तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरून माती परत लोटतात, म्हणजे पुन्हा कधी कुणी खणलं तर आधीचा माणूस कुठवर आला होता ते त्याला कळतं.