मेसिए ८३ दीर्घिकेचे छायाचित्रण

मेसिए ८३ ही वासुकी तारकासमूहातील दंडयुक्त सर्पिलाकार दीर्घिका असून ती सुमारे १.५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. हिच्या केंद्रातून ताऱ्यांचा एक सरळ दांडा गेलेला असून त्याच्या दोन्ही टोकांपासून सर्पिल फाटे निघतात. निकोला लुई द लाकाय यांनी १७५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून तिचा शोध लावला.

'''ऊर्जानगर परिसरातून निरीक्षण'''

चंद्रपूर जिल्ह्यातील ऊर्जानगर ही औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत सुमारे २०° उत्तर अक्षांशावर आहे. येथून ही दीर्घिका दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त ४०° उंची गाठते. एप्रिलच्या मध्यास ती मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडलावर येते आणि साधारण साडेचार तास ३०° हून वर राहते. अडचण अशी, की चंद्रपूर शहर वसाहतीच्या दक्षिणेसच असल्याने नेमक्या त्याच दिशेचे आकाश उजळलेले असते. शहराची दिवेलागण पाठीशी राहील अशी जागा निवडणे हा पहिला उपाय होय. मात्र या भागात वाघ-बिबट्यांचा वावर असल्यामुळे माळावर एकट्याने रात्र काढू नये. वनक्षेत्रात वनविभागाच्या परवानगीवाचून जाऊच नये. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे.

'''पद्धत'''

दीर्घिकेचा दृश्य व्यास पूर्ण चंद्रबिंबाच्या सुमारे दोन-पंचमांश असल्याने ८० मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीणही पुरते. पृथ्वीच्या परिवलनानुसार फिरणारी बैठक मात्र अत्यावश्यक आहे. ध्रुवतारा येथे अवघा २०° उंच असल्याने बैठक जुळविण्यासाठी उत्तरेचे क्षितिज मोकळे हवे. एकच दीर्घ छायाचित्र घेतल्यास केंद्रभाग पांढरा पडतो व उजळ आकाशात फाटे बुडून जातात. म्हणून एक-दोन मिनिटांची शंभरावर छायाचित्रे घेऊन संगणकावर एकत्र करतात.

चंद्रपूरचा उन्हाळा ही येथील खरी कसोटी आहे. संवेदकाचे तापमान दर ६ ते ७ अंश सेल्सियसने वाढले, की त्यातील उष्णताजन्य प्रवाह जवळपास दुप्पट होतो आणि चित्रावर रवाळ ठिपके उमटतात. शीतक असलेला कॅमेरा नसल्यास दुर्बिणीला झाकण लावून, त्याच तापमानात व तितक्याच कालावधीची काळी चित्रे घ्यावीत आणि त्यांची सरासरी मूळ चित्रांतून वजा करावी. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळण्याजोगे नाही.

'''उपयोग'''

१९२३ ते १९८३ या काळात या दीर्घिकेत सहा अतिनवतारे आढळले. त्यांपैकी १९६८ चा अतिनवतारा दक्षिण आफ्रिकेतील जॅक बेनेट या हौशी निरीक्षकाने दुर्बिणीतून पाहताना शोधला. त्यामुळे तारीख, वेळ व स्थळ नोंदवून जपलेले साधे छायाचित्रही पुढे तुलनेसाठी कामी येऊ शकते.