तंत्रज्ञानातील स्त्रीचा वाटा : कौशल्य, नोंद आणि हक्क

शोध म्हटला की प्रयोगशाळा, कारखाना आणि यंत्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. आणि शोधक म्हटला की पुरुष. ही समजूत इतकी रुजलेली आहे की तिची तपासणी करण्याची गरजही सहसा वाटत नाही. वस्तुतः तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे. एखादे काम कमी श्रमात व अधिक खात्रीने करण्याची पद्धत, त्यासाठी लागणारे साधन आणि ते वापरण्याचे कौशल्य या तिन्हींचा तंत्रज्ञानात समावेश होतो. ही व्याख्या मान्य केली, तर बी निवडून राखणे, धान्य टिकविणे, दळणे, जाळ राखणे ही सारी तंत्रेच ठरतात, आणि त्यांचा विकास मुख्यतः स्त्रियांच्या हातून झालेला आहे. तरीही तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्त्रियांची नावे क्वचितच आढळतात. याचे कारण बुद्धीच्या अभावात शोधणे व्यर्थ होय. कोणत्या कामाला तंत्र म्हणावयाचे व कोणत्या कामाला नुसते घरकाम, साधन कोणाच्या मालकीचे आणि कागदावर नाव कोणाचे, हे ठरविण्याची सत्ता स्त्रियांच्या हाती नव्हती. पुणे शहरातील काही उदाहरणांवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

जाते आणि गिरणी

जाते हे साधे दिसणारे परंतु विचारपूर्वक घडलेले यंत्र आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती; दोहोंमधील फट, दगडाला लावलेली टाकी आणि तोंडात घातली जाणारी वैरण यांच्या मेळावर पीठ जाडे की बारीक पडेल हे ठरते. टाकी लावणारा पाथरवट पुरुष असे. परंतु टाकी केव्हा लावावी, कोणत्या धान्याला किती वैरण घालावी आणि डाळ भरडताना गती किती ठेवावी, याचे ज्ञान दळणारीजवळ असे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यामुळे दळणाऱ्या स्त्रियांच्या विचारविश्वाची नोंद राहिली. त्यांच्या हातातील कसबाची मात्र अशी नोंद फारशी झाली नाही.

पुढे इंजिनावर व विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या. पहाटेचे कष्ट वाचले, ही मोठीच सोय झाली. पण त्याबरोबर आणखी एक बदल घडला. साधन हाताने चालत होते तोवर ते स्त्रीचे होते. त्याला इंजिन जोडले गेले आणि दळण्याला पैसा मिळू लागला, तेव्हा मालकी व चालकत्व बहुतांशी पुरुषांकडे गेले. काम तेच राहिले, परंतु घरकामाचा व्यवसाय झाला. तंत्रज्ञान आणि सामाजिक सत्ता यांचा संबंध याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

चुलीचा धडा

वापरणारीचे ज्ञान हिशेबात न घेतल्यास सार्वजनिक योजनेचेही नुकसान होते. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाला व २००२ पर्यंत चालला. सरपण वाचावे व धूर कमी व्हावा हा त्याचा हेतू निःसंशय चांगला होता. तथापि बसविलेल्या अनेक चुली काही काळातच वापराबाहेर गेल्या. त्याची कारणे स्वयंपाक करणारीला ठाऊक होती. भाकरी तव्यावर भाजून झाल्यावर ती आरावर फुगवावी लागते; त्यासाठी चुलीच्या तोंडाशी निखारे व मोकळी जागा हवी. तोंड लहान केले की सरपण बारीक फोडावे लागते, आणि ते श्रमही तिच्याच वाट्याला येतात. धुराडे साफ करण्याचे कामही वाढते. अशा चुलीचे तोंड एखादीने मोठे करून घेतले, तर ती मोडतोड समजण्याचा कल असतो. प्रत्यक्षात ती आराखड्यातील दुरुस्ती असते. चाचणीच्या वेळीच तिला विचारले असते, तर ही दुरुस्ती मूळ नमुन्यात झाली असती.

कारखान्याचे दार

घराबाहेरच्या तंत्रज्ञानाचे दार तर फार काळ बंदच होते. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा स्त्रीने अक्षर गिरविणेही समाजाला मान्य नव्हते. उच्च विज्ञानाची वाट त्यानंतरही अनेक दशके खडतर राहिली. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नकार दिला. त्यांनी आग्रह धरल्यावर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. त्याच कमलाबाईंनी पुढे १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून लीला पूनावाला १९६७ मध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या व पुढे अल्फा लावल या उद्योगाच्या प्रमुखपदी पोहोचल्या. परंतु एकटीदुकटीच्या यशाने नियम बदलत नाही. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यासाठी अभियंते हवे असल्याची जाहिरात निघाली; स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत छापलेले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच आजच्या सुधा मूर्ती, यांनी या अटीविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड धाडले. त्यांना मुलाखतीला बोलावण्यात आले व त्यांची निवड झाली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, अडसर गुणवत्तेचा नव्हता, जाहिरातीतील एका ओळीचा होता. ती ओळ लिहिणाऱ्याला ती स्वाभाविकच वाटली असणार. सत्तेचे स्वरूप पुष्कळदा असेच असते.

व्यक्तीच्या धैर्याला संस्थेची जोड मिळाली म्हणजे वाट रुंद होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून वाढलेल्या स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगर येथे केवळ मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. मार्च २०२० मध्ये करोना विषाणूच्या चाचणीसाठी देशी बनावटीचा संच मायलॅब या पुण्यातील कंपनीने तयार केला. त्या संशोधक तुकडीचे नेतृत्व विषाणुशास्त्रज्ञ मिनल दाखवे-भोसले यांनी केले.

कचऱ्यातील ज्ञान

पदवी असलेल्या स्त्रीचे नाव निदान वर्तमानपत्रात येते. पदवी नसलेल्या स्त्रीचे ज्ञान मात्र ज्ञान म्हणून ओळखलेही जात नाही. पुण्यातील कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची, आणि त्यातही दलित समाजातील स्त्रियांची आहे. त्यांच्या कामाकडे अकुशल श्रम म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ते पदार्थविज्ञानाचे काम आहे. प्लास्टिकच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या तापमानाला वितळतात. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकमध्ये पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी मिसळले, तरी वितळविताना पीव्हीसीचे विघटन होऊन सारा माल खराब होतो. म्हणून पुनर्वापराचा संपूर्ण उद्योग अचूक वर्गवारीवर उभा आहे, आणि ही वर्गवारी वेचणारी स्त्री हाताच्या स्पर्शावरून, वाकवून पाहून व चुरगळल्यावर होणाऱ्या आवाजावरून करते. भंगाराच्या दुकानांची मालकी मात्र बहुतांशी पुरुषांकडे असते. नफा तिकडे व रोगराईचा धोका इकडे, अशी ही वाटणी.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी या स्त्रियांमध्ये काम सुरू केले आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. ओळखपत्राची मागणी ही तिच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती. ओळखपत्रामुळे वेचणारी स्त्री संशयित न राहता कामगार ठरली. पुढे या स्त्रियांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली व २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. सभासद स्त्रिया घरोघरचा कचरा गोळा करतात, त्यासाठी सेवाशुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न स्वतः ठेवतात. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघड्या हातांनी वेगळे करावे लागू नयेत म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या व कागदावर लाल ठिपका काढण्याची खूण असे उपायही याच कामातून पुढे आले. जिला त्रास होतो, तिलाच उपाय सुचतो. मात्र तिचे ऐकणारी व्यवस्था असावी लागते.

नोंद म्हणजे हक्क

अमेरिकेत १८०९ मध्ये मेरी कीझ या स्त्रीला स्वतःच्या नावे पेटंट मिळाले, ही अपवादात्मक घटना होती. कारण तेथील विवाहित स्त्रीला त्या काळी स्वतंत्र मालमत्ताधिकार जवळजवळ नव्हताच. ज्याच्या नावे मालमत्ता, त्याच्याच नावे शोध. आपल्याकडे कायदा आता बराच पुढे आला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण मिळाले. आणि १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव नोंदविण्याचा निर्णय झाला. पेटंट नियमांतील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अर्जदारांत एक जरी स्त्री असेल, तरी अर्जाची त्वरित तपासणी मागता येते.

परंतु कायदा नोंदीपर्यंत पोहोचविण्याचे काम गावातच व्हावयाचे आहे. पाणी, सरपण, सांडपाणी वा कचरा यांविषयीची योजना पंचायतीपुढे येते, तेव्हा नमुना अंतिम होण्यापूर्वी तो वापरणाऱ्या स्त्रियांकडून चाचणी करून घ्यावी आणि त्यांनी सुचविलेले बदल नावानिशी इतिवृत्तात लिहावेत. बचत गटाला यंत्र देताना ते चालविण्याबरोबर दुरुस्त करण्याचे प्रशिक्षणही स्त्रियांनाच द्यावे. दुरुस्ती दुसऱ्याच्या हाती राहिली की मालकीही हळूहळू तिकडेच जाते. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला जाते, चूल व बियाण्याची कणगी यांमागील तत्त्वे शिकवावीत, आणि शाळेतील प्रयोगात हत्यारे मुलांच्या व वही मुलींच्या हाती, अशी वाटणी होऊ देऊ नये.

स्त्रीची शोधकबुद्धी नव्याने निर्माण करावयाची नाही. ती प्रत्येक घरात व वस्तीत कामाला लागलेलीच आहे. तिला साधन, मालकी आणि नोंद मिळवून देणे एवढेच शिल्लक आहे, आणि ते ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांच्यात पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी हे अग्रभागी आहेत.