चरसाचें रूप आणि उष्णता : जुन्या वर्णनांतील विसंगतीचा उलगडा

चरस या पदार्थाचीं जीं वर्णनें एकोणिसाव्या शतकांतील लिखाणांत आढळतात तीं परस्परांशीं इतकीं विसंगत आहेत कीं, हा एकच पदार्थ आहे कीं चार निराळे पदार्थ आहेत असा वाचणाऱ्यास संशय यावा. एके ठिकाणीं तो वाळूसारखा हिरवट भुगा आहे. दुसरे ठिकाणीं बोटांस चिकटणारें मेण आहे. तिसरे ठिकाणीं तेल सुटलेला गोळा. आणि चौथे ठिकाणीं नखानें चुरडणारा कोरडा, तपकिरी खडा. या भेदांवरून चरसाच्या निरनिराळ्या 'जाती' कल्पून त्यांवर किंमतीचीं व व्यापाराचीं अनुमानें उभारण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो मार्ग निर्धोक नाहीं. यांतील बहुतेक भेद पदार्थाचे नसून ऋतूचे, उंचीचे व वयाचे आहेत. आणि ऋतु, उंची व वय हीं तिन्ही मुख्यतः उष्णतेच्या द्वारें आपलें काम करतात. हें लक्षांत न घेतां जुने आंकडे वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो.

प्रथम वनस्पतीविषयीं थोडें. भंगा हें नांव अथर्ववेदांत येतें, व पाणिनीनें भंगेच्या शेताला कोणते शब्द योजावे तें एका सूत्रांत सांगितलें आहे. मात्र तेथें तिचा संबंध तागाशीं व धान्याशीं असावा, मादकतेशीं नव्हे. भावमिश्रानें सोळाव्या शतकांत गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया असे पर्याय दिले आहेत. हे सर्व झाडाचे पर्याय आहेत. झाडापासून वेगळ्या काढलेल्या राळेस त्यांत स्वतंत्र नांव नाहीं. जतु, सर्जरस, निर्यास असे राळेचे नाना शब्द ज्या भाषेंत आहेत तिनें या राळेला नांव देऊं नये, यावरून हा पदार्थ आमच्या वैद्यकांत बाहेरून व उशीरां आला असें मानण्यास जागा आहे. ग्रियर्सन यांनीं १८९४ सालीं 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील या वनस्पतीचे उल्लेख एकत्र केले आहेत, ते जिज्ञासूंनीं पाहावे.

भांग म्हणजे पानें, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्या फुलोऱ्यांवरील राळ. ही राळ झाडाच्या रसांत नसते. फुलोऱ्यावर व त्यालगतच्या लहान पानांवर बारीक देठाच्या, टांचणीच्या डोक्यासारख्या ग्रंथि असतात. प्रत्येकीचें डोकें साधारणतः मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढें असून त्यांत राळ सांठलेली असते.

राळ व साखर यांत एक मूलभूत फरक आहे. साखरेचे कण नियमित रचनेचे स्फटिक असल्यामुळें ते ठराविक उष्णतेला वितळतात. राळेचें तसें नाहीं. ती थंडींत कांचेसारखी कडक व ठिसूळ, जरा ऊब लागली कीं चिवट, आणखी तापली कीं मऊ, व शेवटीं ओघळणारी होते. मध्यें कोठेंही स्पष्ट सीमा नसते. कासाराची लाख हें याचें घरगुती उदाहरण होय. आमच्या प्राचीनांस हा धर्म चांगला ठाऊक होता: ग्रीष्मांत तापलेल्या पर्वतांतून जो पाझरतो तो शिलाजतु, म्हणजे दगडाची लाख, असें चरक व सुश्रुत या दोघांचें सांगणें आहे.

आतां ग्रंथीवर हाच नियम लावून पाहावा. झाड ताजें व हवा उबदार असेल तर ग्रंथि हाताला लागतांच फुटते, राळ तळहाताला चिकटते व तिचा काळा, लवचिक थर जमतो. उलट झाड वाळलेलें व हवा अतिथंड असेल तर ग्रंथीचा देठ काडीसारखा मोडतो आणि डोकें अखंड गळून पडतें. असा माल चाळणींतून कोरड्या पिठासारखा निघतो. म्हणून चरस काढण्याच्या मुख्य रीती दोनच: उबेंत चोळण्याची आणि थंडींत चाळण्याची. नेपाळ, कुमाऊं, कुलू येथें पहिली. यारकंद व अफगाणिस्तान येथें दुसरी. हा भेद बराचसा देशाचारापेक्षां हवामानानेंच ठरविलेला दिसतो. पावसाळी डोंगरांत झाड कोरडें ठणठणीत होत नाहीं, आणि वाळवंटाच्या कडेला तें लवकर वाळून जातें.

पहिल्या रीतीचें प्रसिद्ध वर्णन कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील प्राध्यापक ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं दिलें. मध्य हिंदुस्थान, सागर प्रांत व नेपाळ येथें उन्हाळ्यांत कातडी पोषाख घातलेले लोक भांगेच्या शेतांतून जोरानें धांवतात, मऊ राळ कातड्याला चिकटते, ती खरवडून तिचे गोळे करतात व ते पांच ते सहा रुपये शेराप्रमाणें विकले जातात, असें ते सांगतात. नेपाळांत हातानें जमविलेला 'मोमिया' चरस जवळजवळ दुप्पट किंमतीला जातो, असेंही त्यांत आहे. या वृत्तांतांतील 'उन्हाळ्यांत' हा शब्द राळेच्या स्वभावाशीं जुळतो, कारण थंडींत कातड्याला कांहीं चिकटणार नाहीं. परंतु मध्य प्रांतांतील गांज्याचें पीक पावसाळ्याच्या आरंभीं पेरून हिवाळ्यांत काढीत. तेव्हां उन्हाळ्यांत सागरकडे कोणत्या उभ्या पिकांतून हे लोक धांवत असावेत, हा प्रश्न उरतोच. बहुधा डोंगरांतील रीत व सपाटीवरील स्थळ यांची ऐकीव माहितींत सरमिसळ झाली असावी. 'मोमिया' शब्द मात्र मोलाचा आहे. फारशींत मोम म्हणजे मेण. तेव्हां दुप्पट किंमत ज्यास मिळे त्या मालाचें नांव त्याच्या स्पर्शावरून पडलें होतें, आणि तो स्पर्श तळहाताच्या उबेनें आलेला होता.

दुसऱ्या रीतीचें वर्णन अधिक विस्तृत मिळतें, कारण यारकंदी चरसावर सरकारचा कर होता. १८९३ सालीं नेमलेल्या व मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील भांग-गांजा चौकशी आयोगाच्या १८९४ च्या अहवालांत व पुढें चोप्रा यांच्या लेखनांत जी माहिती येते तिचा सारांश असा: वाळलेले मादी फुलोरे हातांनीं चुरून चाळीत. निघालेली हिरवट भुकटी कच्च्या कातड्याच्या पिशव्यांत भरून हिवाळ्याचे चार-पांच महिने तशीच ठेवीत. ऊन तापूं लागलें म्हणजे ती थोडा वेळ सूर्याला दाखवीत, तेवढ्यानें राळ मऊ होऊन कण एकमेकांस धरीत. मग पुन्हां पिशवींत घालून लांकडी दांड्यांनीं मळीत, तें पृष्ठभागावर तेल सुटेपर्यंत. आणि मगच माल प्रवासाला निघे.

या क्रमांत प्रत्येक पायरी उष्णतेनें नेमून दिलेली आहे हें वाचकांच्या ध्यानीं येईल. हिवाळ्यांत पिशवींत गोठणाखालच्या थंडीनें भुकटी सुटी राही. ती तेव्हांच उबेंत ठेवली असती तर गठ्ठा बनून पुढें निवडतां आली नसती. ऊन 'थोडा वेळ' दाखवावयाचें, कारण अधिक तापल्यास राळेंतील सुवासिक उडून जाणारे अंश नाहींसे होतात व माल उलट कोरडा पडतो. मळण्यानें ग्रंथींचीं कवचें फुटून राळ एकजीव होते. म्हणजे यारकंदांत पौषांत गेलेल्या प्रवाशानें हिरवा भुगा पाहिला व वैशाखांत गेलेल्यानें तेलकट गोळा पाहिला, तर दोघेही खरेच सांगत होते.

पुढें हा माल काराकोरम खिंडीनें, म्हणजे सुमारें १८,००० फूट उंचीवरून, लेह येथें येई; लेह स्वतः सुमारें ११,५०० फुटांवर आहे. तेथून काश्मीर किंवा कुलूच्या वाटेनें तो पंजाबांत उतरे, व होशियारपूर आणि अमृतसर या त्याच्या मोठ्या पेठा होत्या. खिंडींत जो दगडासारखा कडक, तोच पंजाबच्या जेठांत पिशवीच्या शिवणींतून पाझरूं पाहाणारा. एका वर्षांत तो तीन-चार वेळां असा घट्ट व पातळ होई. दोन पावसाळे लोटले म्हणजे तोच कोरडा, तपकिरी व ठिसूळ होऊन त्याचा कसही उतरे. हा व्यापार १९३०–४० च्या दशकांत निर्बंधांनीं क्षीण झाला आणि १९४९ च्या सुमारास सरहद्द बंद झाल्यावर संपला.

येथें संशोधकांच्या दृष्टीनें महत्त्वाचा मुद्दा येतो. कर शेरावर, म्हणजे वजनावर होता. उबेनें तेल सुटतें तें कच्चें कातडें शोषून घेतें. उडून जाणारा अंश हवेंत जातो. ओलावाही कमी होतो. तेव्हां लेहच्या वजनापेक्षां खालच्या गोदामांतील वजन कमी भरलें तर ती सर्व तूट चोरीची किंवा वाटेंत परभारें विकल्याची धरणें न्याय्य होणार नाहीं. चोरी नव्हतीच असें आम्ही म्हणत नाहीं. व्यापारी कांहीं संत नव्हते. पण तुटीची नोंद कोणत्या महिन्यांतली व माल कितव्या वर्षाचा हें पाहिल्याशिवाय कोणास चोर ठरवूं नये. किंमतीच्या तक्त्यांसही हेंच लागू आहे: 'मऊ' व 'कोरडा' असे दोन भाव दिसले तर तेथें दोन देशांचा माल असेलच असें नाहीं, नवा व जुना माल असूं शकेल.

रसायनशास्त्राची साक्षही या मताला पोषक आहे. १८९६ सालीं केंब्रिज येथें वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड यांनीं चरसाचें ऊर्ध्वपातन करून सुगंधी तेलें, मेणासारखा अंश आणि एक तांबडें दाट तेल असे भाग वेगळे केले. हें तांबडें तेल थंड असतां अर्धवट घट्ट व तापवितां पातळ होई. त्याचा प्रमुख मादक घटक, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, गाओनी व मेशुलाम यांनीं इस्राएलांत १९६४ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविला. तो सहसा स्फटिक होत नाहीं, चिकट राळच राहतो. झाडांत मात्र तो बहुतांशीं आम्लरूपानें असतो, व तें आम्ल स्फटिक होऊं शकतें. तापवितां आम्लांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. काळानें व हवेनें त्याच मादक घटकाचें कॅनाबिनॉल बनतें, आणि जुन्या चरसाचा कस उतरण्याचें हें एक कारण आहे.

स्फटिक होण्याच्या या गुणानें एक आधुनिक गोष्ट उलगडते. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत २०१२ च्या मतदानानंतर २०१४ पासून हा माल दुकानांतून उघड विकला जातो. तेथें राळेच्या अर्कांना कांच, मेण, साखर, लोणी अशा अर्थाचीं नांवें आहेत. घटक बहुधा तेच. निवविण्याचा वेग, ढवळणें, ऊब व ओलावा यांनीं रूप बदलतें. न ढवळतां निवविलेला अर्क कांचेसारखा पारदर्शक राहतो. तोच उबेंत ठेवला तर आंतील रेणूंस हालचालीला सवड मिळून आम्लाचे रवे धरतात व कांच धुरकट, मग दाणेदार होते. आमच्या गृहिणींस यांत नवल वाटणार नाहीं. कढविलेलें तूप सावकाश निवलें तर रवाळ होतें, मध हिवाळ्यांत साखरतो, आणि तूप तेंच व मध तोच राहतो. ओशॉनेसींच्या 'मोमिया'चे हे सर्व दूरचे भाऊबंद होत.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मुंबई इलाख्यांत गांज्याची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत होई. गांजा तुडवून चपटा करीत, व तुडविणाऱ्यांच्या हातापायांस जी राळ चिकटे ती खरवडली म्हणजे अल्पसा चरसच होय. फुलोरे एकमेकांस धरण्यास राळ थोडी नरम असावी लागते, आणि तें काम उन्हानें सुकत घातलेल्या मालावर होई. थंड, कडक माल तुडविला तर त्याचा चूर होतो. आजच्या कायद्यानें, म्हणजे १९८५ च्या अधिनियमानें, चरसाची व्याख्या करतांना राळ 'कोणत्याही रूपांत' असो, कच्ची असो वा शुद्ध केलेली असो, ती चरसच धरली आहे. ही व्याख्या करणारांनीं रूपावर विसंबण्याचें टाळलें, हें आमच्या मतें शास्त्राला धरूनच झालें.

राहतां राहिला शब्दांचा विचार. अफगाणिस्तान व बलुचिस्तानाकडे चाळलेल्या कोरड्या भुकटीस 'गर्दा' म्हणतात. फारशी 'गर्द' म्हणजे धूळ. हाच 'गर्द' शब्द मुंबईच्या बोलींत पुढें दुसऱ्याच एका विषारी भुकटीला लागला व त्यावरून 'गर्दुल्ला' बनला. म्हणजे 'गर्दा' हें थंडींत काढलेल्या मालाचें व 'मोमिया' हें उबेंत काढलेल्या मालाचें नांव ठरतें. खुद्द 'चरस' या शब्दाचा हिंदींत दुसरा अर्थ विहिरीवरील कातडी मोट असा आहे. राळ जमविणारांचा कातडी पोषाख व यारकंदी कातडी पिशव्या यांमुळें या दोन अर्थांचा संबंध जोडण्याचा मोह सहज होतो, आणि पिशवीवरून मालाचें नांव पडणें व्यापारांत नवें नाहीं. तरी व्युत्पत्तीच्या कामीं केवळ सोईची जुळणी पुरत नाहीं; या अर्थाचा एखादा जुना, तारीखवार उल्लेख कोणास जमाखर्चाच्या कागदांत आढळल्यास त्यानें तो या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा.