रमजानची कोठी

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली, की नांदेड-लातूरच्या मुस्लिम घरांत स्वयंपाकाची घाई उडते. रांधणाऱ्या अम्मीचाही रोजा असतोच. म्हणून रमजानच्या आधी, शाबान महिन्यातच डबे भरून ठेवावेत: तांदूळ, मसूर, लातूरची तूरडाळ, चिंच, तीळ, शेंगदाणे. तळलेला कांदा बरणीत असला, की रात्रीची मसूरडाळीची खिचडी एका भांड्यात होते. भाजलेले तीळ-दाणे कुटून चिंचेच्या कोळात कालवले, की चुलीवर न चढवताच खट्टा तयार. २०१६ च्या जूनमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. त्या रमजानमध्ये घासायचे एक भांडे वाचणेही मोठे होते. आणि अम्मीचा वाचलेला अर्धा तास? तो इफ्तारआधी निवांत बसून दुआ मागण्याचा.