राजीनाम्याची तारीख आणि भविष्यनिर्वाह निधीवरील कर

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरच्या बाजारपेठेत पिढीजात दुकाने सांभाळणाऱ्या कुटुंबांतील मुले आता शिक्षणानंतर मुंबई-पुण्यात नोकरी पत्करतात. काही वर्षांनी वडिलांचे वय झाले की त्यांतील एखादा पेढीवर परततो. परतताना नोकरीतील भविष्यनिर्वाह निधी काढून तो दुकानाच्या भांडवलात घालण्याचा विचार स्वाभाविक आहे. मात्र रक्कम किती मिळेल याची जेवढी चौकशी होते, तेवढी करआकारणीची होत नाही.

या बाबतीत प्राप्तिकर कायद्याची मुख्य कसोटी सलग पाच वर्षांच्या सेवेची आहे. ती पूर्ण झाल्यावर काढलेली रक्कम सर्वसाधारणपणे करमुक्त असते. त्याआधी रक्कम काढल्यास मालकाचा हिस्सा व त्यावरील व्याज वेतनाप्रमाणे करपात्र ठरते, तर स्वतःच्या हिश्श्यावरील व्याज इतर उत्पन्नात धरले जाते. स्वतःच्या वर्गणीवर पूर्वी करवजावट घेतली असल्यास तो लाभही परत जातो.

उदाहरणार्थ, एखाद्याचे मूळ वेतन १५,००० रुपये आहे. त्याची १२ टक्के वर्गणी १,८०० रुपये होते. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात व ५५० रुपये निधीत राहतात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये. चार वर्षे सात महिन्यांत, व्याज सोडून, १,२९,२५० रुपये जमतात. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम ५०,००० रुपये वा अधिक असल्यास दहा टक्के टीडीएस कापला जातो. येथे केवळ मुद्दलावर तो १२,९२५ रुपये होईल. पॅन जोडलेला नसेल, तर वीस टक्के दराने २५,८५० रुपये. आणखी पाच महिने नोकरी केली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्यक्ष देय कर कमी असल्यास विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. एकूण उत्पन्नावर कर लागतच नसेल, तर विहित स्वयंघोषणापत्र देऊन कपात टाळता येते.

दोन बाबी दिलासा देणाऱ्या आहेत. नोकरी बदलताना जुन्या खात्यातील रक्कम न काढता नव्या खात्यात वर्ग केल्यास आधीची सेवा पाच वर्षांत मोजली जाते. तसेच कर्मचाऱ्याचे स्वतःचे आजारपण, मालकाचा व्यवसाय बंद पडणे किंवा त्याच्या आवाक्याबाहेरील अन्य कारणाने सेवा संपली, तर पाच वर्षांची अट आड येत नाही. स्वेच्छेने पेढी सांभाळण्यासाठी दिलेला राजीनामा मात्र या सवलतीत बसत नाही.

रक्कम काढण्याची घाई नसल्यास ती खात्यात राहू द्यावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु राजीनाम्यानंतर थांबल्याने सेवेचा काळ वाढत नाही आणि नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे व्याज करपात्र धरले जाते.

तेव्हा मुलगा पेढीवर केव्हा येणार हे ठरवताना कुटुंबाने प्रथम त्याच्या सेवेचे महिने मोजावेत, जुनी खाती एकत्र केली आहेत का ते पाहावे आणि पॅन व आधार जोडल्याची खात्री करावी. राजीनामा दिल्यावर करसल्लागाराच्या हाती फारसे काही उरत नाही. देण्यापूर्वी मात्र पुष्कळ काही असते.