कर्करोगाच्या उपचारांत सौम्य योगाभ्यासाचे पूरक स्थान : एक विवेचन

सारांश

कर्करोगाच्या उपचारकाळात रुग्णाला होणारा त्रास केवळ गाठीचा नसतो. थकवा, निद्रानाश, चिंता आणि पुनरुद्भवाची भीती यांनीही त्याचे जीवन ग्रासले जाते. या लक्षणांवर सौम्य योगाभ्यास व ताई ची यांसारख्या मन-शरीर व्यायामांचा कितपत उपयोग होतो, त्याला कोणता शास्त्रीय आधार आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हे व्यायाम ‘पूरक’ म्हणून उपयुक्त आहेत, ‘पर्यायी’ म्हणून घातक आहेत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : कर्करोग, पूरक उपचार, योगाभ्यास, थकवा, निद्रानाश, जीवनमान

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ९२ हजार स्तनकर्करोगाचे होते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि संप्रेरक उपचार यांमुळे आज यांतील अनेक रुग्ण रोगमुक्त होतात किंवा दीर्घकाळ जगतात. मात्र उपचार संपला म्हणजे त्रास संपला असे होत नाही. वाचलेले आयुष्य कसे जगले जाते, हा प्रश्नही वैद्यकाच्या कक्षेत येतो.

महाराष्ट्राला योगाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायामांच्या शरीरक्रियात्मक परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली. अनुभवाला मोजमापाची जोड देण्याची ही दृष्टी कर्करोगाच्या संदर्भात अधिकच आवश्यक ठरते, कारण येथे चुकीच्या समजुतीची किंमत रुग्णाला प्राणाने चुकवावी लागू शकते.

‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ यांतील भेद

मुख्य उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीने जे केले जाते ते पूरक होय. मुख्य उपचार नाकारून त्याच्या जागी जे केले जाते ते पर्यायी होय. योगासन तेच असले, तरी ते या दोहोंपैकी कोणत्या नात्याने केले जाते यावर रुग्णाचे हित अवलंबून असते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिल्या अभ्यासात, शरीरात अन्यत्र न पसरलेला कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्या रुग्णांशी करण्यात आली. पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला, तर स्तनकर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. दुसऱ्या अभ्यासातील २५८ रुग्णांनी पूरक उपचारांसोबत किमान एक प्रचलित उपचार घेतला होता, तरीही त्यांच्यातील मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. याचे कारण पूरक उपचारांत नव्हते. या गटातील सुमारे ३४ टक्के रुग्णांनी सुचवलेली केमोथेरपी नाकारली होती, तर तुलनेतील गटात हे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. नाकारलेल्या किंवा लांबवलेल्या उपचारांचा हिशेब धरल्यावर दोन गटांतील मृत्यूच्या धोक्याचा फरक उरला नाही. यावरून हे स्पष्ट होते की, योगाभ्यासाची जोड घातक नाही. त्या जोडीच्या भरवशावर मुख्य उपचारांतील एखादा टप्पा गाळणे घातक आहे.

थकव्याचे स्वरूप आणि व्यायामाचे कार्य

कर्करोगातील थकवा हा श्रमानंतरच्या थकव्याहून भिन्न असतो. पुरेशी झोप वा विश्रांती घेऊनही तो जात नाही. आपल्या कुटुंबांत आजारी माणसाला ‘पडून राहा, काही करू नकोस’ असे मायेने सांगण्याची रीत आहे. परंतु सतत पडून राहिल्याने स्नायूंची शक्ती आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता घटते. मग थोड्याशा हालचालीनेही दम लागतो, हालचाल आणखी कमी होते आणि थकवा वाढतो. सौम्य व्यायाम हे दुष्टचक्र तोडण्यास साहाय्य करतो.

दुसरा दुवा दाहप्रक्रियेचा आहे. रोग व उपचार यांमुळे शरीरात दाह निर्माण करणारी सायटोकाइन नावाची प्रथिने वाढतात व त्यांचा थकव्याशी संबंध आढळतो. तिसरा दुवा मज्जासंस्थेचा आहे. संथ, दीर्घ श्वसन आणि शिथिलीकरण यांमुळे ताणाची अवस्था ओसरून शरीराला विसाव्याकडे नेणारी यंत्रणा कार्यप्रवण होते. हालचाल, श्वास आणि अवधान हे तिन्ही घटक एकत्र येणे, हेच या व्यायामप्रकारांचे वैशिष्ट्य होय.

उपलब्ध पुरावा

रॉचेस्टर विद्यापीठाच्या कॅरेन मुस्टियन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४१० कर्करोगमुक्त व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, ७५ मिनिटे सौम्य आसने, श्वसन व ध्यान असा हा अभ्यासक्रम होता. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत या गटाची झोप अधिक सुधारली व झोपेच्या औषधांचा वापर कमी झाला.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस कायकोल्ट-ग्लेझर यांच्या २०१४ मधील चाचणीत स्तनकर्करोगाच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या २०० स्त्रियांचा समावेश होता. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम संपताच थकव्यातील फरक ठळक नव्हता. तीन महिन्यांनंतर मात्र योगगटातील थकवा आणि दाहदर्शक घटक दोन्ही कमी आढळले. लाभ दिसण्यास काळ व सातत्य लागते, असा याचा अर्थ घेता येतो.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लहान, केवळ ३१ स्त्रियांचा असला, तरी त्याचा पुण्याशी संबंध आहे. त्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग शिकवण्यात आला. खुर्ची, लोड, पट्टा, ठोकळे यांच्या आधाराने अशक्त व्यक्तीलाही आसनात सुखाने स्थिर राहता यावे, ही व्यवस्था या पद्धतीची देणगी होय. केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत योगगटाचा थकवा लक्षणीयरीत्या कमी झाला.

चीनमधील ताई ची या संथ व्यायामाबाबतही असाच अनुभव आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निद्रानाश असलेल्या ९० स्त्रियांवरील चाचणीत ताई चीचा परिणाम निद्रानाशावरील प्रमाणित मानसोपचाराहून उणा ठरला नाही. २०१७ मध्येच कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात स्तनकर्करोगावरील २४ अभ्यास व २,१६६ स्त्रियांची माहिती एकत्र तपासण्यात आली. कोणताही पूरक उपचार न घेण्याच्या तुलनेत योगाने जीवनमान सुधारते, थकवा व झोपेच्या तक्रारी कमी होतात, यास मध्यम दर्जाचा पुरावा असल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला.

पुराव्याच्या मर्यादा

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने ८५० स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांवरील योगचाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ परिषदेत मांडले. रोगमुक्त जगण्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा झाल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले. हे आकडे सापेक्ष आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शंभरांतील आणखी पंधरा स्त्रिया वाचल्या, असा त्यांचा अर्थ नव्हे. शिवाय या स्त्रियांनी योग केला तो प्रचलित उपचारांच्या जोडीने. ‘योगाने कर्करोग बरा होतो’ या विधानाला या चाचणीतून आधार मिळत नाही.

आणखी दोन मर्यादा आहेत. योग करणाऱ्याला आपण योग करतो हे ठाऊक असते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम पूर्णतः वगळता येत नाही. तसेच बहुतेक चाचण्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांवर झाल्या आहेत. भारतीय पुरुषांत मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. जबड्याची वा जिभेची शस्त्रक्रिया झालेल्या, कधी गळ्याला श्वासासाठी नळी बसवलेल्या या रुग्णाला नेहमीचा प्राणायाम जसाच्या तसा सांगता येत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आणि स्वतंत्र संशोधन होणे, ही आपल्याकडील खरी निकड आहे.

पथ्ये व दक्षता

सौम्य व्यायामही सर्वांना सारखा मानवत नाही. रोग हाडांत पसरला असल्यास पाठीचा कणा पिळणारी, खोल वाकवणारी वा हाडांवर अधिक भार देणारी आसने टाळावीत, अन्यथा अस्थिभंगाचा धोका संभवतो. पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर कपालभातीसारख्या जोरकस क्रिया वर्ज्य मानाव्यात. काखेतील लसिकाग्रंथी काढलेल्या स्त्रियांनी हाताला सूज येते का याकडे लक्ष ठेवून हाताचे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावेत. पायांना बधिरपणा असल्यास तोल सांभाळण्याची आसने भिंतीच्या किंवा खुर्चीच्या आधाराने करावीत. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीच्या वर्गाऐवजी घरी अभ्यास करावा. ताप, चक्कर, छातीत दुखणे वा दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास अभ्यास थांबवून डॉक्टरांना कळवावे. आरंभापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती घ्यावी, तसेच योगशिक्षकाला रोगाचे व उपचारांचे स्वरूप मोकळेपणाने सांगावे.

निष्कर्ष

थकवा, निद्रानाश आणि जीवनमान यांबाबत सौम्य मन-शरीर व्यायामांचा लाभ आज पुरेशा पुराव्याने दिसून येतो. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मधील थकवाविषयक मार्गदर्शनात व्यायाम आणि ताई ची यांची शिफारस केली, ती याच दिशेने टाकलेले पाऊल होय. या व्यायामांना खर्च अल्प लागतो, साधनेही घरचीच पुरतात. दीर्घ उपचारांत सर्व काही इतरांच्या हाती असताना रुग्णाला स्वतःसाठी काही करता येते, हा लाभही कमी मोलाचा नाही.

परंतु हे सर्व मुख्य उपचार अखंड चालू असतानाच खरे ठरते. योगशिक्षकाने, कुटुंबीयांनी आणि डॉक्टरांनी रुग्णाला एकच गोष्ट एकमुखाने सांगितली पाहिजे. रुग्णालयातील ठरलेली तारीख चुकवू नये, आणि त्या तारखेपर्यंतचे दिवस सुसह्य व्हावेत यासाठी योगाभ्यास करावा. या क्रमात उलटापालट झाली, तर उपकारक गोष्टही अपायकारक ठरते.